ऑपरेटिंग सिस्टीम : बदलायची कधी, थांबायचं कधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे संगणक रोजच्यासारखेच सुरू झाले. बिलं निघाली, पत्रं टाइप झाली, प्रिंटर चालले. काहीच बिघडलं नाही, आणि म्हणून कित्येकांनी तो विषय तिथंच सोडून दिला. ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याच्या निर्णयातली खरी अडचण इथंच आहे. मुदत संपल्यानं कामात काही अडत नाही, त्यामुळे समोर दिसणाऱ्या त्रासावर विसंबून हा निर्णय घेता येत नाही. तो आधी विचार करून, तारखा पाहून घ्यावा लागतो.

याबाबत दोन मतं कायम कानावर येतात. नवी आवृत्ती आली की लगेच टाकून घ्यावी, हे एक. चालतंय तोवर हात लावू नये, हे दुसरं. दोन्ही मतांच्या मागे अनुभव आहे आणि दोन्हींनी लोकांचं नुकसानही केलं आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या घटना एकत्र ठेवून पाहिल्या, तर मधला रस्ता बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो. प्रत्येक संगणकासाठी दोन तारखा असतात. नवी आवृत्ती आपल्या कामाला पुरेशी तयार झाली ती पहिली, आणि जुन्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबणार ती शेवटची. या दोन तारखांमधला सोयीचा दिवस आपण निवडायचा असतो. पहिल्या तारखेआधी घाई नको आणि शेवटच्या तारखेपुढे ढकलणं नको.

सपोर्ट संपल्यावर नेमकं काय होतं?

ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या एकगठ्ठा देते. दुरुस्ती बाहेर पडली की ती संगणक वापरणाऱ्याला मिळते तशी हल्लेखोरालाही मिळते. तो दुरुस्तीआधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते शोधतो. बदल जिथं झाला तिथं चूक होती, हे त्यातून उघड होतं. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा एकच आहे. त्यामुळे ११ मध्ये आज बुजवलेली चूक १० मध्येही असेल, तर ती तिथं उघडीच राहते आणि तिचा पत्ता मात्र जगजाहीर झालेला असतो. सपोर्ट संपलेल्या संगणकाचा धोका असा महिन्यागणिक वाढत जातो. पहिल्या आठवड्यात तो थोडा असतो, दोन वर्षांनी मोठा. वरून कितीही चांगला अँटिव्हायरस टाकला, तरी गाभ्यातली चूक त्यानं दुरुस्त होत नाही.

शिवाय आजूबाजूची सॉफ्टवेअरही हळूहळू साथ सोडतात. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. गुगल क्रोम त्यानंतर तीन वर्षं त्यावर चाललं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून बंद झालं. ब्राउझर जुना राहिला की बँकेचं आणि सरकारी कामाचं संकेतस्थळ आज ना उद्या अडवतंच.

या विषयावर बोलताना वॉनाक्रायचं उदाहरण हमखास दिलं जातं, पण त्यातून बहुतेक वेळा अर्धाच धडा घेतला जातो. १२ मे २०१७ रोजी हा खंडणीखोर व्हायरस सुमारे दीडशे देशांत पसरला आणि दोन लाखांहून जास्त संगणक त्यानं कुलूपबंद केले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला मोठा फटका बसला. सुमारे १९ हजार रुग्णांच्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांच्या अहवालात दिलेला आहे. जुनाट विंडोज एक्सपीमुळे हे झालं, असं त्या दिवसांत सगळीकडे बोललं गेलं. प्रत्यक्षात बाधित झालेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ वर चालत होते. त्या आवृत्तीचा सपोर्ट तेव्हा चालू होता आणि या त्रुटीवरची दुरुस्ती दोन महिने आधी, १४ मार्चला, देऊनही झाली होती. त्या संगणकांवर ती टाकलीच गेली नव्हती.

म्हणून दरमहा येणारं अपडेट आणि काही वर्षांनी करायचं अपग्रेड ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवावीत. अपग्रेडसाठी थांबणं शहाणपणाचं असू शकतं. सुरक्षेचं अपडेट महिनोन्‌महिने थांबवणं कधीच नसतं. आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. दुकानातून ‘विंडोज टाकून’ घेतलेल्या अनेक संगणकांत विनापरवाना प्रत असते आणि ती पकडली जाऊ नये म्हणून अपडेट बंद करून ठेवलेलं असतं. अशा संगणकावर आवृत्ती कितीही नवी असली, तरी सुरक्षेच्या दृष्टीनं तो सपोर्ट संपलेलाच समजावा.

२०१७ मध्येच, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. त्याचा उगम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता, पण काही तासांत तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. तिच्या समूहातलं न्हावा-शेवाचं कंटेनर टर्मिनल त्यात ठप्प झालं आणि जेएनपीटी बंदरात कंटेनरची कामं रखडली. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर सगळं नव्यानं टाकावं लागलं. दुर्लक्षाची किंमत एका वेळी एका संगणकापुरती राहत नाही, ती अशी साखळीनं वाढते.

पहिल्याच दिवशी उडी घेणाऱ्यांचं काय होतं?

आता दुसरी बाजू. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची सहामाही आवृत्ती आली आणि काही जणांच्या फाइली नाहीशा झाल्या. त्याचं कारण पाहण्यासारखं आहे. सी ड्राइव्ह भरला की पुष्कळ लोक ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर डी ड्राइव्हवर हलवतात. असं केल्यावर जुन्या जागी एक फोल्डर तसाच उरतो आणि कधीकधी त्यात फाइलीही उरतात. नव्या आवृत्तीनं हा उरलेला फोल्डर रिकामा आहे असं गृहीत धरलं आणि तो पुसून टाकला. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्याप्रमाणे दहा हजारांत एखाद्याची तक्रार आली. पण ज्याचा प्रबंध किंवा लग्नाचे फोटो गेले, त्याला या प्रमाणाचा काय उपयोग? चाचणी घेणाऱ्या काही लोकांनी ही तक्रार आधीच नोंदवली होती. ती ढिगात हरवली. चार दिवसांत वाटप थांबलं आणि सुधारलेली आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. जो दीड महिना थांबला, त्याचं काहीही गेलं नाही.

ही थांबण्याची रीत उबुंटू लिनक्सनं आपल्या यंत्रणेतच बसवली आहे. तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. पण आधीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर असलेल्यांना अपग्रेडचं आमंत्रण लगेच मिळत नाही. पहिला सुधारित संच आल्यावरच मिळतं. २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली आणि तिचा पहिला सुधारित संच ऑगस्टअखेर. मधल्या चार महिन्यांत हौशी मंडळींनी चुका शोधून दिल्या. विंडोजमध्येही एखाद्या ड्रायव्हरशी नव्या आवृत्तीचं जुळत नसेल, तर मायक्रोसॉफ्ट त्या प्रकारच्या संगणकांसाठी ती रोखून धरते. संगणक ‘तुमच्यासाठी अजून तयार नाही’ असं सांगत असेल, तर आडमार्गानं ती लादू नये. त्या रोखण्यामागे बहुधा ठोस कारण असतं.

तेव्हा साधा हिशेब असा ठेवता येईल : मोठी आवृत्ती आल्यावर घरच्या संगणकानं दोन-तीन महिने आणि कामाच्या संगणकानं सहा महिने ते वर्षभर थांबावं. एवढ्या अवधीत प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचं सॉफ्टवेअर यांचे निर्मातेही आपापली जुळवणी करून घेतात.

मुदती कुणाच्या किती?

विंडोजची मुदत लेखी असते, हा तिचा मोठा गुण. एक्सपी २००१ मध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ ला थांबली. विंडोज १० ला दहा वर्षं मिळाली. विंडोज ११ मध्ये मात्र एक बारकावा आहे. तिची दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि होम व प्रो प्रकारांत त्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच दुरुस्त्या मिळतात. ‘माझ्याकडे ११ आहे’ एवढ्यावर भागत नाही. त्यातली कुठली, तेही सेटिंगमध्ये जाऊन पाहावं लागतं.

अ‍ॅपल अशी तारीख आधी जाहीर करत नाही. चालू आवृत्ती आणि तिच्या मागच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, असं वर्षानुवर्षांच्या वागण्यावरून लोक धरून चालतात. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली टाहो ही शेवटची आवृत्ती, हे मात्र कंपनीनं स्पष्ट सांगितलं आहे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं मिळतात, आणि घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर पाच संगणकांपर्यंत मोफत दहा वर्षं. डेबियन या लिनक्सलाही एकूण पाच वर्षं मिळतात.

लेखी मुदतही बदलू शकते. सर्व्हरवर लोकप्रिय असलेल्या सेंटओएस ८ या लिनक्सची मुदत २०२९ पर्यंत सांगितली होती. डिसेंबर २०२० मध्ये ती एकदम २०२१ अखेरपर्यंत खाली आणली गेली. दहा वर्षांची निश्चिंती समजून ज्यांनी त्यावर व्यवस्था उभी केली, त्यांच्या हातात एक वर्ष उरलं. तेव्हा तारीख एकदा पाहून विसरू नये; वर्षातून एकदा पुन्हा पाहावी.

यंत्रच अपात्र ठरतं तेव्हा

विंडोज ११ नं हा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड केला. आधीच्या आवृत्त्या जुन्या यंत्रावर थोड्या मंदावून का होईना चालत. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या ११ नं थेट अटी घातल्या : सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी टीपीएम २.० ही चिप, सिक्युअर बूटची सोय, आणि इंटेलचा असेल तर मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. ती पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. त्याआधीचा, उत्तम चालणारा, भरपूर रॅम असलेला संगणकही त्यामुळे बाहेर राहिला.

‘तुमचा संगणक पात्र नाही’ असा निरोप आला म्हणून लगेच नवा घ्यायला निघू नये. पुष्कळ संगणकांत टीपीएमची सोय असते, फक्त बायॉसमध्ये ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावानं सापडते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावानं. ती चालू केली आणि प्रोसेसर यादीत असला, की तोच संगणक पात्र ठरतो. माहितगार माणसाकडून हे दहा मिनिटांचं काम आधी करून घ्यावं. त्यात हजारो रुपये वाचू शकतात.

खरोखरच अपात्र ठरलेल्या यंत्रासाठी तीन वाटा आहेत. पहिली, वाढीव दुरुस्त्यांची. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत त्या देण्याचं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं : एकदाच ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू करून पैसे न देताही. कंपन्यांसाठी दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि फार तर तीन वर्षं. थांबण्याचा खर्च कसा चढत जातो ते या दरातच दिसतं. ही वाट तयारीसाठी वेळ विकत घेण्याची आहे, मुक्काम करण्याची नाही.

दुसरी वाट लिनक्सची. ब्राउझर, ईमेल, मराठी टायपिंग, साधी पत्रं आणि तक्ते एवढंच काम असेल, तर मिंट किंवा उबुंटू जुन्या संगणकावर छान चालतं. इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे, लिबरऑफिस मराठीतून वापरता येतं. डिजिटल सहीचं टोकन, टॅली किंवा एखादं सरकारी सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर मात्र आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावं आणि मगच ठरवावं.

तिसरी, संगणक नेटवर्कपासून तोडून एका ठरलेल्या कामापुरता ठेवण्याची. ती चालते, पण पेनड्राइव्हवर कडक बंधन असेल तरच. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस इराणच्या नतांझ अणुकेंद्रात पोचला. बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेल्या त्या यंत्रणेत तो यूएसबीमार्गे शिरला, असंच मानलं जातं.

कामाचं सॉफ्टवेअर आधी

व्यवसायात ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं असतं. मराठी छपाईच्या धंद्यात हे जवळून पाहायला मिळतं. अनेक छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत कोपऱ्यात एक जुना संगणक अजून जपलेला असतो. त्यावर पानांच्या मांडणीसाठी पेजमेकर ७, मराठी फाँटसाठी श्रीलिपी किंवा आयएसएम, आणि मागे खोचलेलं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली. पंधरा-वीस वर्षांची पुस्तकं, दिवाळी अंक, पत्रिका त्याच्या डिस्कवर आहेत. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो विशिष्ट फाँटच्या आधारानंच वाचता येतो, फाँट गेला की उरतात निरर्थक चिन्हं. नव्या संगणकावर हे सगळं हलवताना गाडी अडते ती डोंगलच्या ड्रायव्हरपाशी. विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येते, आणि ६४ बिटांच्या विंडोजला स्वाक्षरीकृत ड्रायव्हर लागतो. जुन्या डोंगलचा तसा ड्रायव्हर निघालाच नसेल, तर कितीही खटपट केली तरी सॉफ्टवेअर उघडत नाही. सोळा बिटांच्या जमान्यातले प्रोग्रॅम तर त्यावर चालतच नाहीत.

अशा व्यावसायिकाला ‘लगेच अपग्रेड करा’ हा सल्ला देणं अन्यायाचं आहे, आणि ‘आहे तसं चालू द्या’ हा त्याहून वाईट; कारण तो संगणक एके दिवशी बंद पडणारच आहे. त्यानं संगणक नेटपासून तोडावा, डिस्कच्या दोन प्रती काढाव्यात, चालू मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जुना मजकूर फुरसतीनं रूपांतरित करावा. मराठी ग्रंथव्यवहाराचा मोठा ठेवा अशा डिस्कवर पडून आहे. तो वाचवण्याचं काम एखाद्या प्रकाशकानं एकट्यानं उचलण्यापेक्षा प्रकाशकांच्या संस्थांनी मिळून हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मॅकवाल्यांनी हाच अनुभव ऑक्टोबर २०१९ मध्ये घेतला. कॅटालिना आवृत्तीनं ३२ बिटांचे सगळे प्रोग्रॅम बंद केले. ज्यांनी यादी न तपासता अपग्रेड केलं, त्यांची विकत घेतलेली जुनी सॉफ्टवेअर एका रात्रीत निकामी झाली.

मोठ्या संस्थेला हा बदल टप्प्याटप्प्यानं कसा करता येतो, याचा धडा आपल्या रिझर्व्ह बँकेनं घालून दिला. एक्सपीचा सपोर्ट संपून तीन वर्षं झाली तरी देशातली अनेक एटीएम तिच्यावरच चालत होती. एप्रिल २०१७ मध्ये बँकेनं चिंता कळवली. हालचाल मंदच राहिली. मग २१ जून २०१८ च्या परिपत्रकात टप्पे बांधून दिले : सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जूनअखेर सगळी. नुसती चिंता व्यक्त करून जे झालं नाही, त्यासाठी तारखा आणि टक्के लिहून द्यावे लागले. पन्नास संगणकांच्या शाळेला किंवा पतसंस्थेलाही हाच नमुना घेता येईल. आधी एकच संगणक बदलावा, महिनाभर त्यावर सगळी कामं करून पाहावीत, मग उरलेले गटागटानं.

दिवस निवडताना

कोकणात कौलं चाळायची ती पावसाच्या आधी, उन्हाच्या दिवसांत. अपग्रेडलाही असाच मोकळा हंगाम शोधावा. करसल्लागारानं जुलै टाळावा आणि जीएसटीच्या ११ व २० तारखांच्या आसपासचे दिवसही. शाळेनं मे महिना घ्यावा. मुद्रकानं दिवाळी अंकांच्या आधीचे दोन महिने संगणकाला हात लावू नये. घरच्या माणसानं मुलाच्या ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही.

आधीची तयारी थोडी आहे, पण ती चुकवू नये. सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करावी. न तपासलेला बॅकअप अनेकदा ऐन वेळी दगा देतो. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे का ते पाहावं. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी, कारण अपग्रेडनंतर संगणक ती मागू शकतो आणि ती नसेल तर आपल्याच फाइली आपल्याला उघडता येत नाहीत. प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचं टोकन यांचे नवे ड्रायव्हर मिळतात का ते निर्मात्याच्या संकेतस्थळावर आधीच पाहावं.

अपग्रेड झाल्यावर विंडोज ११ दहा दिवस मागे फिरण्याची मुभा देते. त्या दहा दिवसांत महिन्याभराची सगळी कामं एकेकदा करून पाहावीत : एक बिल, एक विवरणपत्र, एक छपाई, एक सही. अकराव्या दिवशी चूक सापडली, तर सगळं पुसून नव्यानं टाकण्यावाचून सहसा उपाय उरत नाही.

निष्कर्ष

या सगळ्याचा मथितार्थ एवढाच. सपोर्ट चालू असेल तर नव्या आवृत्तीसाठी निवांत थांबावं, दरमहाचं अपडेट मात्र चुकवू नये. सपोर्ट संपायला वर्ष उरलं की तयारी सुरू करावी आणि सहा महिने उरले की दिवस ठरवावा. सपोर्ट संपून गेला असेल, तर त्या संगणकावरचे बँकेचे व्यवहार आजच बंद करावेत आणि पुढची वाट निवडावी : वाढीव दुरुस्त्या, लिनक्स, नेटवर्कपासून तोडणं किंवा नवं यंत्र.

आणि जबाबदारी एकट्या वापरणाऱ्याची नाही. सुस्थितीतलं यंत्र केवळ अटीत बसत नाही म्हणून भंगारात जाणं हे घरच्या खर्चाचं आणि ई-कचऱ्याचंही नुकसान आहे. ऑपरेटिंग सिस्टीम किती वर्षं सांभाळली जाईल, हे संगणक विकतानाच खोक्यावर ठळक छापलं गेलं पाहिजे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर मुदत छापणं आपण कायद्यानं सक्तीचं केलं. जिथं माणसाची कमाई, कागदपत्रं आणि वर्षांची मेहनत साठवलेली असते, त्या यंत्रासाठीही ग्राहक म्हणून आपण तेवढाच आग्रह धरायला हवा. तसं होईपर्यंत ती तारीख स्वतः शोधून संगणकाच्या पावतीवर लिहून ठेवावी. पुढचे बरेच निर्णय त्या एका नोंदीमुळे सोपे होतात.